विश्लेषण : हाडे खरेच वय सांगतात का? ऑसिफिकेशन चाचणीच्या निकालावर किती विसंबायचे?

माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची १२ ऑक्टोबर २०२४ रोजी रात्री वांद्रे येथे गोळ्या झाडून हत्या झाली. पकडलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभे केले, तेव्हा त्यातील एकाने आपण १७ वर्षांचे असल्याचा दावा केला. न्यायालयाने त्याची ऑसिफिकेशन चाचणी करण्याचे आदेश दिले. काही तासांत अहवाल आला, तो अल्पवयीन नसल्याचे स्पष्ट झाले आणि त्याची रवानगी पोलीस कोठडीत झाली. एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यात आरोपी किंवा पीडित व्यक्तीच्या वयावरून वाद झाला की ‘हाडांची चाचणी’ हे शब्द हमखास ऐकू येतात. ही चाचणी म्हणजे वयाचा पक्का दाखला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हाडे वयाबद्दल नेमके काय सांगतात, कुठवर सांगतात आणि कुठे गप्प बसतात, हे समजून घ्यायचे तर आधी हाड म्हणजे काय हे पाहावे लागते.

वयावर इतके काय अवलंबून आहे?

भारतीय कायद्यात १८ वर्षे ही रेषा अनेक गोष्टी ठरवते. गुन्ह्याच्या दिवशी आरोपी १८ वर्षांखालील असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते आणि त्याला फाशी देता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ही आणखी एक रेषा आखली. १६ ते १८ वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर प्राथमिक छाननीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येतो. दुसऱ्या बाजूला, पीडित मुलगी १८ वर्षांखालील असेल तर ‘पोक्सो’ कायदा लागू होतो आणि तिच्या कथित संमतीला काही अर्थ उरत नाही. मुलगी १८ वर्षांची झाली होती की नाही, यावर बालविवाहाचा गुन्हाही ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ व्या वर्षाआधी झाले होते. म्हणजे वयाचा हा प्रश्न केवळ गाजलेल्या खटल्यांपुरता मर्यादित नाही.

हाड कशाचे बनलेले असते?

हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, असे वाटते. पण ते रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि पेशी असलेले जिवंत ऊतक आहे. वजनाच्या हिशेबाने हाडात साधारण ६५ ते ७० टक्के खनिज, २० ते २५ टक्के सेंद्रिय पदार्थ आणि उरलेले पाणी असते. खनिज म्हणजे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट नावाचे सूक्ष्म स्फटिक. सेंद्रिय भागातील सुमारे ९० टक्के वाटा कोलॅजेन या दोरीसारख्या प्रथिनाचा असतो. बांधकामातील सळई आणि काँक्रीट यांच्यासारखी ही जोडी आहे. स्फटिक दाब सहन करतात, कोलॅजेन ताण आणि पीळ सहन करते. हाड आम्लात ठेवून खनिज काढून टाकले तर ते रबरासारखे वाकते. उलट कोलॅजेन जाळून टाकले तर ते खडूसारखे चुरते. एक्स-रेमध्ये हाड पांढरे दिसते ते कॅल्शियममुळे. ज्या भागात अजून खनिज भरलेले नाही, तो भाग एक्स-रेमध्ये दिसतच नाही. ऑसिफिकेशन चाचणीचे मर्म याच फरकात आहे.

रचनेच्या दृष्टीने हाडाचे दोन प्रकार आहेत. बाहेरचे घट्ट हाड शरीरातील एकूण हाडाच्या सुमारे ८० टक्के असते. त्यात बारीक नलिकांभोवती झाडाच्या खोडातील वलयांसारखे थर रचलेले असतात. आतले जाळीदार हाड स्पंजासारखे दिसते आणि त्याच्या पोकळ्यांत अस्थिमज्जा असते.

हाडातील पेशी काय करतात?

तीन प्रकारच्या पेशी इथे महत्त्वाच्या आहेत. ऑस्टिओब्लास्ट या बांधणाऱ्या पेशी. त्या कोलॅजेनचा थर घालतात आणि त्यात खनिज भरण्याची व्यवस्था करतात. बांधता बांधता त्यांतील काही पेशी आपणच घातलेल्या थरात अडकून पडतात आणि ऑस्टिओसाइट बनतात. प्रौढ हाडातील ९० टक्क्यांहून अधिक पेशी याच असतात. बारीक नलिकांतून एकमेकींशी जोडलेल्या या पेशी हाडावर कुठे किती भार पडतो याची नोंद घेतात आणि दुरुस्तीचा निरोप पाठवतात. तिसऱ्या ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे पाडकाम करणाऱ्या पेशी. त्या आम्ल आणि विकरे सोडून जुने हाड विरघळवतात.

पाडकाम आणि बांधकाम आयुष्यभर चालू राहते. एका जागचे जुने हाड काढायला काही आठवडे लागतात, तर तिथे नवे भरायला काही महिने. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने घडतो. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाचे हाड चाळीस वर्षे जुने नसते. झाडाच्या खोडात दर वर्षाचे वलय शाबूत राहते. हाडात मात्र पेशी जुनी नोंद पुसून त्यावर नवी लिहितात. घट्ट हाडातील थरही वर्षे मोजण्याच्या कामाचे नाहीत.

मग हाडावरून वय कळते कसे?

वय कळते ते हाडाच्या वयावरून नव्हे, तर हाड तयार होण्याच्या वेळापत्रकावरून. गर्भात हातापायांची हाडे आधी कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारख्या लवचिक ऊतकाची असतात. गर्भाच्या सातव्या-आठव्या आठवड्यापासून या कूर्चेच्या मधोमध हाड तयार होऊ लागते. या प्रक्रियेलाच ऑसिफिकेशन म्हणतात. पुढे हाडांच्या टोकांना दुय्यम केंद्रे उगवतात. मधला दांडा आणि टोक यांच्यात कूर्चेची एक पातळ चकती उरते. तिला वाढपट्टी म्हणता येईल. उंची वाढते ती इथेच. पट्टीच्या टोकाकडील बाजूला कूर्चापेशी विभागून रांगा करतात, पुढे फुगतात आणि मरतात. त्यांच्या जागी रक्तवाहिन्या शिरतात आणि ऑस्टिओब्लास्ट हाड घालतात. किशोरवयाच्या अखेरीस कूर्चेचा साठा संपतो, टोक दांड्याशी सांधले जाते आणि हाडाची लांबी कायमची थांबते. जन्मावेळी २७० च्या आसपास असलेले हाडांचे तुकडे प्रौढपणी २०६ होतात, ते अशा सांधण्यामुळेच.

वेगवेगळ्या हाडांचे हे सांधणे ठरावीक क्रमाने होते. कोपराचा भाग साधारण १३ ते १६ या वयात, मनगट १६ ते १९ मध्ये आणि कमरेच्या हाडाची वरची कड १८ ते २१ च्या दरम्यान सांधली जाते. कॉलर बोनचे छातीकडील टोक सर्वांत शेवटी, विशीत आणि काहींमध्ये तर तिशीच्या उंबरठ्यावर सांधते. मुलींमध्ये हा सारा क्रम मुलांपेक्षा एक-दोन वर्षे आधी पूर्ण होतो. म्हणून चाचणीत कोपर, मनगट, खांदा, कंबर अशा अनेक सांध्यांचे एक्स-रे काढतात. जोडीला दातांची तपासणी आणि शारीरिक वाढीची पाहणी होते. कोणते सांधे बंद झाले आणि कोणते उघडे आहेत, यावरून डॉक्टर वयाचा पट्टा सांगतात. ‘१६ पेक्षा जास्त, १८ पेक्षा कमी’ असा. अहवालात जन्मतारीख कधीच नसते.

हे वेळापत्रक सर्वांचे सारखे असते का?

नाही. खरी अडचण इथेच आहे. वाढपट्टी कधी बंद व्हायची हे कॅलेंडर ठरवत नाही, शरीरातील संप्रेरके ठरवतात. त्यातले सर्वांत महत्त्वाचे इस्ट्रोजेन, आणि तेही स्त्री-पुरुष दोघांमध्ये. १९९४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. जनुकीय दोषामुळे त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणाम होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती, वाढपट्ट्या उघड्या होत्या आणि हाडांचे वय १५ वर्षे निघाले. हे टोकाचे उदाहरण झाले. पण नेहमीच्या आयुष्यातही कुपोषण, थायरॉइडची कमतरता आणि दीर्घ आजार हाडांची वाढ मागे ठेवतात. लवकर वयात येणे आणि लठ्ठपणा ती पुढे ढकलतात.

याचा सामाजिक अर्थ गंभीर आहे. वर उल्लेख केलेल्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. उपासमारीत वाढलेल्या मुलाची हाडे त्याला वयापेक्षा लहान दाखवू शकतात, तर खात्यापित्या घरातील मुलाची हाडे मोठा. ज्यांच्याकडे जन्माचा कागद नसतो त्यांच्यावरच ही चाचणी होते आणि कागद नसलेली कुटुंबे बहुधा गरीब असतात. म्हणजे चाचणी जिथे सर्वांत जास्त वापरली जाते, तिथेच ती चुकण्याची शक्यताही जास्त असते.

तुलना कशाशी केली जाते?

मनगटाच्या एक्स-रेसाठी जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिख-पाइल चित्रसंग्रह १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९५९ ची. त्यातील चित्रे १९३० च्या दशकात आणि १९४० च्या सुरुवातीला अमेरिकेतील क्लीव्हलँडमधल्या सुखवस्तू गोऱ्या मुलांची आहेत. टॅनर-व्हाइटहाउस ही दुसरी पद्धत ब्रिटिश मुलांवरून विकसित झाली. भारतीय न्यायवैद्यकशास्त्रात गॅल्स्टॉन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बंगालमधील अभ्यासाचे आकडे अजूनही उद्धृत होतात. गेल्या काही पिढ्यांत मुले लवकर वयात येऊ लागली आहेत. त्यामुळे नव्वद वर्षांपूर्वीच्या मोजपट्टीने आजच्या नंदुरबारच्या किंवा नागपूरच्या मुलाचे वय मोजताना सावध राहावे लागते.

‘दोन वर्षांची चूक’ कुठून आली?

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जया माला प्रकरणात म्हटले की हाडांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते. तेव्हापासून हा आकडा देशभरातील न्यायालयांत रूढ झाला. शास्त्राच्या अंगाने तो अगदीच हवेतला नाही. किशोरवयाच्या अखेरीस निरोगी मुलांमध्येही हाडांचे वय आणि खरे वय यातला प्रमाणित फरक एक वर्ष किंवा थोडा अधिक असतो. त्याच्या दुप्पट पट्टा धरला तर बहुतेक मुले त्यात बसतात.

प्रश्न असा की या चुकीचा फायदा कोणाला द्यायचा? आरोपी आपण अल्पवयीन असल्याचे सांगत असेल आणि दोन्ही शक्यता सारख्या असतील, तर सीमारेषेवरील प्रकरणांत अल्पवयीन मानण्याकडे कल असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले. म्हणजे खालचे वय धरायचे. पीडितेच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा होतो. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले की ‘पोक्सो’ खटल्यात चाचणीतील वरचे वय धरावे आणि त्यात आणखी दोन वर्षे मिळवावीत, कारण संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. अहवालात ‘१६ ते १८’ असे असेल तर पीडितेचे वय २० धरले जाईल आणि ती कायद्याच्या दृष्टीने बालक राहणार नाही. फौजदारी न्यायाच्या तत्त्वात हे बसते. पण प्रत्यक्षात १६ वर्षांच्या, जन्मनोंद नसलेल्या मुलीचे संरक्षण त्यामुळे निसटू शकते. एकाच एक्स-रेवरून सोळा वर्षांचा आरोपी बालक आणि सोळा वर्षांची पीडिता प्रौढ ठरू शकते, ती अशी.

विशी-पंचविशीनंतर हाडे गप्प का होतात?

पुण्यातील राठी हत्याकांड हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये एकाच कुटुंबाच्या घरात सात जणांची हत्या झाली. १९९८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यातील एकाने पुढे आपण गुन्ह्याच्या वेळी बालक होतो, असा दावा केला. २००५ मध्ये झालेल्या वैद्यकीय तपासणीत त्याचे वय २२ पेक्षा जास्त आणि ४० पेक्षा कमी असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे १९९४ मध्ये तो ११ वर्षांचाही असू शकत होता आणि २९ वर्षांचाही. अहवाल खोटा नव्हता, पण त्यातून काहीच ठरत नव्हते.

सांधे एकदा बंद झाले की ते कधी बंद झाले याची खूण उरत नाही, कारण ऑस्टिओक्लास्ट आणि ऑस्टिओब्लास्ट त्या जागेचीही पुनर्बांधणी करून टाकतात. त्यानंतर हाडांत दिसते ती झीज, आणि ती वयापेक्षा आहार, श्रम आणि आजार यांवर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयानेही मुकर्रब प्रकरणात केवळ एक्स-रेवरील वैद्यकीय मतावरून यांत्रिकपणे वय ठरवता येणार नाही, असे बजावले आहे.

राठी प्रकरणाचा निकाल अखेर लागला तो राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून. पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकरवी चौकशी झाली आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या दिवशी तो १२ वर्षे ६ महिन्यांचा होता असे मान्य करून त्याची सुटका केली. बाल न्याय कायद्यानुसार त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, त्यातला बराचसा काळ फाशीच्या छायेत. ज्या कुटुंबाने आपली माणसे गमावली, त्याच्यासाठीही सत्य इतक्या उशिरा पुढे येणे हा न्याय नव्हता.

कायद्याने कशाला प्राधान्य दिले आहे?

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे दोन्ही नसेल तरच हाडांची चाचणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. पीडित व्यक्तीच्या वयासाठीही न्यायालये हाच क्रम वापरतात. आधार कार्ड या यादीत नाही. ते जन्मतारखेचा पुरावा मानता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटार अपघात भरपाईच्या एका प्रकरणात म्हटले.

पण कागदही नेहमी खरा असतोच असे नाही. महाराष्ट्रातील एका पिढीला हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्या आईवडिलांना तारीख ठाऊक नव्हती, त्यांच्या नावापुढे गुरुजींनी १ जून लिहिला, शाळेत घेता येईल अशा बेताने. १ जूनला गावागावांत होणारे ‘सामुदायिक वाढदिवस’ हा थट्टेचा विषय असला, तरी न्यायालयात तीच तारीख पुरावा असते. जुलै २०२३ मधील युवाप्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बदलीचा दाखला कलम ९४ मध्ये बसत नसल्याचे सांगितले. रेडिओलॉजिस्टने मुलीचे वय १८ ते २० सांगितल्याचे लक्षात घेऊन न्यायालयाने ‘पोक्सो’खालील शिक्षा रद्द केली. तिथे कागद कमी पडला आणि हाडांचे म्हणणे निर्णायक ठरले.

नव्या तंत्राने चूक कमी होईल का?

काही प्रमाणात. कॉलर बोनचा सूक्ष्म सीटी स्कॅन १८ वर्षांपुढील टप्पे अधिक चांगले दाखवतो. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. फुटबॉलच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात ‘फिफा’ २००९ पासून मनगटाचा एमआरआय वापरते आणि भारतीय क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील मुलांसाठी टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने मनगटाची चाचणी करते. मात्र मैदानावर चूक झाली तर एका खेळाडूची संधी हुकते, न्यायालयात झाली तर आयुष्य. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली एक्स-रे वाचण्यातील डॉक्टरागणिक पडणारा फरक कमी करू शकते. २०१७ मध्ये अशा प्रणालींसाठी झालेल्या मोठ्या स्पर्धेत १४ हजारांहून अधिक एक्स-रे वापरले गेले, पण ते अमेरिकी रुग्णालयांतील मुलांचे होते. यंत्राने चित्र कितीही अचूक वाचले, तरी मुलामुलांच्या वाढीतील नैसर्गिक फरक नाहीसा होत नाही.

पुढे काय?

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा असेल. ही मुले १८ वर्षांची व्हायला २०४१ उजाडेल. तोपर्यंत वीटभट्टी, ऊसतोड आणि बांधकामांवर जन्मलेली, नोंदीबाहेर राहिलेली मुले न्यायालयांसमोर येत राहतील. त्यांच्यासाठी दोन गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. पहिली, अटकेनंतर किंवा तक्रारीनंतर चाचणी लवकरात लवकर करणे, कारण सांधा एकदा बंद झाला की पुरावा कायमचा जातो. दुसरी, निरनिराळ्या भागांतील आणि स्तरांतील भारतीय मुलांच्या हाडांच्या वाढीची आजची मोजपट्टी तयार करणे. हाडातील पेशींना कायद्याची १८ ची रेषा ठाऊक नसते. त्या फक्त वाढ संपली की नाही एवढेच सांगतात. बाकीचे काम ग्रामसेवकाच्या नोंदवहीने आणि न्यायाधीशांच्या विवेकाने करायचे आहे.